साठ टक्क्यांचे गणित : ठाणे खाडीकाठच्या एका सुक्या मासळीच्या उद्योगाचे प्रकरण

हे प्रकरण ज्या कुटुंबाचे आहे, ते ठाणे खाडीच्या पूर्व काठावर, बेलापूर आणि ऐरोली यांच्या दरम्यानच्या एका कोळीवाड्यात राहते. तीन जावांनी मिळून सुक्या मासळीचा आणि मासळीच्या टिकाऊ पदार्थांचा लहानसा उद्योग उभा केला. त्यांच्या इच्छेवरून नावे आणि गाव येथे दिलेले नाही. थोरली, मधली आणि धाकटी एवढ्यावर काम भागते. मी नवी मुंबईत लहान उद्योगांचे हिशेब आणि प्रकल्प अहवाल तयार करून देतो. या प्रकरणात माझा प्रवेश पहिला अर्ज फसल्यानंतरचा आहे. त्याआधीचा भाग त्यांच्याजवळच्या कागदांवरून आणि त्यांच्या सांगण्यावरून जुळवलेला आहे.

सासऱ्यांच्या हयातीत घरचा धंदा खाडीवरच चालत असे. बोय, चिंबोरी, निवटी आणि कोलीम घरच्याच जाळ्यात मिळत, आणि बायका ती पाटीत घालून विकायला नेत. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला, पण तोवर सांडपाणी, गाळ आणि भराव यांनी खाडीतली मासळी इतकी आटली होती की घरच्या होडीवर घर चालणे थांबले होते. म्हणून जावा भाऊच्या धक्क्यावरून आणि उरणच्या करंजा बंदरातून माल विकत आणू लागल्या. ओली मासळी सकाळी बाजारात विकायची आणि फाल्गुन-चैत्रापासून बोंबील, जवळा, सोडे सुकवून पावसाळ्याची बेगमी करायची, असा हा दुहेरी धंदा होता. राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि त्या दोन महिन्यांत सुक्या मासळीला भाव येतो. या उद्योगाचे सगळे अर्थशास्त्र त्या दोन महिन्यांभोवती फिरते, आणि अनुदानाच्या कोणत्याही अर्जात या गोष्टीसाठी रकाना नसतो.

२०२० च्या टाळेबंदीत बाजार बंद पडले, तेव्हा नेरूळ आणि सीवूड्समधल्या ओळखीच्या सोसायट्यांनी व्हॉट्सॲपवर मागणी नोंदवायला सुरुवात केली. धाकटीने सोडे आणि जवळा पाव-पाव किलोच्या पिशव्यांत भरला, कोळंबीचे लोणचे आणि बोंबलाची चटणी बाटल्यांत घातली, आणि तिच्या मुलाने ते स्कूटरवरून पोहोचवले. दोन वर्षांत महिन्याची विक्री साठ-सत्तर हजारांवर स्थिरावली आणि तिथेच थांबली, कारण सुकवायला जागा उरली नव्हती. बोंबील वलांडीवर, म्हणजे बांबूंना बांधलेल्या दोरीवर, जबड्यात जबडा अडकवून टांगतात. त्याला मोकळे मैदान, वारा आणि ऊन लागते. गावचे खळे इमारतींखाली गेले होते. जवळा गच्चीवर आणि रस्त्याच्या कडेला पसरावा लागे, आणि त्यात कचकच येई. सोसायटीतले गिऱ्हाईक एकदा कचकच सोसते, दुसऱ्यांदा मागणी करत नाही.

२०२२ च्या सुरुवातीला एक एजंट घरी आला. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत महिलांना साठ टक्के अनुदान आहे, असे त्याने सांगितले, आणि ते खरेच आहे. सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या या २०,०५० कोटी रुपयांच्या योजनेत व्यक्तिगत लाभार्थ्यांच्या घटकांसाठी सर्वसाधारण गटाला प्रकल्पखर्चाच्या ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के साहाय्य मिळते, आणि महाराष्ट्रात त्याचा भार केंद्र आणि राज्य ६०:४० या प्रमाणात उचलतात. मासळीच्या मूल्यवर्धन केंद्रासाठी ५० लाख रुपयांपर्यंतचा खर्च धरला जातो. एजंटाने ५० चे साठ टक्के काढून ३० लाख हा आकडा पाटीवर लिहून दाखवला आणि अहवालाचे पंधरा हजार रुपये आगाऊ घेतले.

त्याने जे सांगितले नाही, ते या प्रकरणाचे मर्म आहे. अनुदान काम झाल्यावर मिळते. आधी स्वतःच्या किंवा बँकेच्या पैशाने जागा, यंत्रे आणि जोडण्या उभ्या करायच्या, मत्स्यव्यवसाय विभागाने पाहणी करायची, बिले तपासायची, आणि मग रक्कम खात्यावर यायची. म्हणजे ३० लाख मिळवण्यासाठी या घराला आधी ५० लाख उभे करावे लागले असते. ज्या घराची महिन्याची उलाढाल सत्तर हजार आहे, त्याला पन्नास लाखांचे कर्ज कोण देणार, हा प्रश्न एजंटाच्या पाटीवर नव्हता.

अर्ज मात्र या कारणाने अडकला नाहीच. तो त्याआधीच जागेवर अडकला. नवी मुंबईसाठी १९७० नंतर ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांची जमीन संपादित झाली. गावठाणे तेवढी गावकऱ्यांकडे राहिली. कुटुंबे वाढली तशी गावठाणाच्या कडेने घरे वाढली, ज्यांना आपल्याकडे ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हणतात आणि ज्यांच्या नियमितीकरणाचा प्रश्न निवडणुकीगणिक चर्चेला येतो. या कुटुंबाचे घर त्यातलेच आहे. तीन पिढ्या तिथे राहिल्या, वीजबिल आणि घरपट्टी त्यांच्याच नावाने येते. परंतु योजनेला लागतो तो स्पष्ट मालकीचा उतारा किंवा दीर्घ मुदतीचा नोंदणीकृत भाडेकरार, आणि यांपैकी एकही कागद त्यांच्याकडे नव्हता. कार्यालयाने त्रुटीचे पत्र दिले. त्यात कार्यालयाचे काही चुकले असे मला वाटत नाही; ज्या जमिनीचा मालक नक्की नाही, तिथे सरकारी पैशाने भिंत बांधता येत नाही. एजंटाने त्यानंतर फोन उचलला नाही. थोरली मला पहिल्या भेटीत म्हणाली, “कागद सुकायला जेवरा येल लागतो ना, तेवरा बोंबलाला पन नाय लागत.”

ते कागद घेऊन त्या माझ्याकडे आल्या तो २०२२ चा नोव्हेंबर होता. पन्नास लाखांचे केंद्र त्यांना हवे आहे का, हेच मी आधी विचारले, आणि उत्तर नाही असे आले. त्यांना हव्या होत्या तीन गोष्टी : पावसाळ्यातही आणि कचकच न येता सुकवता येईल असे यंत्र, पाकीट नीट बंद होईल अशी सोय, आणि धक्क्यावरून बर्फातला माल आणून दारोदार फिरवता येईल असे वाहन. तिन्हींची बेरीज पन्नास लाखांच्या जवळपासही जात नव्हती. अनुदानाचा आकडा मोठा दिसला की गरज त्याच्या मापाने फुगवायची, ही खोड मी बेकरीवाल्यांपासून पापडवाल्यांपर्यंत सर्वांत पाहिली आहे, आणि दर वेळी पहिली चूक हीच असते.

आम्ही अर्जाचे दोन तुकडे केले. वाहन मत्स्य संपदा योजनेतच ठेवले, कारण बर्फपेटीसह तीनचाकीला तिथे तीन लाखांचा खर्च धरतात, विजेवर चालणारी रिक्षाही त्यात बसते, आणि वाहनाला जमिनीचा उतारा लागत नाही. महिला लाभार्थी म्हणून मधलीच्या नावाने त्याचे साठ टक्के, म्हणजे १ लाख ८० हजार रुपये, अपेक्षित होते. प्रक्रियेची यंत्रे मात्र आम्ही सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या योजनेत नेली. जून २०२० मध्ये जाहीर झालेली ही केंद्राची दहा हजार कोटींची योजना राज्यात कृषी विभागामार्फत चालते. तिच्यात पात्र खर्चाच्या ३५ टक्के आणि जास्तीत जास्त १० लाख रुपये कर्जाशी निगडित अनुदान मिळते. साठ टक्के सोडून पस्तीस टक्के का घ्यायचे, असे धाकटीच्या मुलाने विचारले. प्रश्न बरोबर होता. उत्तर असे की या योजनेत बँकेचे कर्ज हाच अर्जाचा पाया असतो. अर्जदाराने निदान दहा टक्के घालायचे, उरलेले बँक देते आणि अनुदान त्या कर्जातच जमा होते. आधी सगळा पैसा उभा करण्याचा पेच तिथे नाही. शिवाय जागा भाड्याची चालते.

भाड्याची जागा मिळवणे हे या प्रकरणातले सर्वांत चिवट काम ठरले. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या औद्योगिक क्षेत्रात गाळे रिकामे होते; ‘अन्नप्रक्रिया’ म्हटले की दार उघडे, ‘सुकी मासळी’ म्हटले की बंद. तीन गाळेवाल्यांनी वासाचे कारण सांगून नकार दिला, त्यांतल्या एकाने भाडे ठरल्यानंतर. चौथ्याने होकार दिला तो ड्रायर पूर्ण बंद कपाटासारखा असतो आणि त्याची हवा धुराड्याने वर सोडता येते, हे त्याला चालत्या यंत्रावर दाखवल्यानंतर. पुढे पोटभाड्याच्या परवानगीसाठी आणखी अडीच महिने गेले. या काळात एका बँकेने ‘माल नाशवंत’ असा शेरा मारून अर्ज परत केला. मासळी सुकवतात ती ती नाशवंत राहू नये म्हणूनच, हे त्या शेऱ्याखाली लिहिण्याचा मोह मी आवरला आणि आम्ही दुसऱ्या बँकेकडे गेलो.

तिथे ऑगस्ट २०२३ मध्ये कर्ज मंजूर झाले. प्रकल्पखर्च ११ लाखांचा होता : ड्रायर ४ लाख १० हजार, व्हॅक्यूम पॅकिंग यंत्र १ लाख २० हजार, दोन डीप फ्रीझर १ लाख ३० हजार, स्टीलची टेबले, ग्राइंडर, वजनकाटे वगैरे २ लाख, आणि फरशी, गटार, पाण्याची जोडणी २ लाख ४० हजार. बांधकामाचा वाटा पात्र खर्चाच्या तीस टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो, तो बसला. घरचे १ लाख १० हजार, बँकेचे ९ लाख ९० हजार, आणि त्यात अनुदान ३ लाख ८५ हजार.

हे ३ लाख ८५ हजार मार्च २०२४ मध्ये आले, तेव्हा घरात पेढे वाटले गेले आणि मग कळले की ते काढता येत नाहीत. अनुदान कर्जदाराच्या नावाने बँकेत वेगळ्या खात्यात ठेवले जाते. तीन वर्षे कर्ज नियमित राहिले आणि उद्योग चालू असला, तरच ते कर्जात वळते होते. तोवर तेवढ्या रकमेवर बँक व्याज लावत नाही, हा लाभ मात्र पहिल्या दिवसापासून मिळतो. मी हे अर्जाच्या वेळी सांगितले होते. पण सांगणे आणि समोरच्याला उमगणे यांत अंतर असते, आणि ते मी एका कागदावर आकडे मांडून दाखवायला हवे होते. तेव्हापासून प्रत्येक अर्जदाराला मी महिनावार रोख पैशाचा तक्ता करून देतो, ज्यात अनुदानाच्या ओळीपुढे पहिली तीन वर्षे शून्य लिहिलेले असते.

वाहनाची गोष्ट थोडक्यात सांगतो. रिक्षा डिसेंबर २०२३ मध्ये पूर्ण पैसे भरून घेतली, त्यासाठी मधलीने दोन बांगड्या गहाण ठेवल्या, आणि अनुदान अकरा महिन्यांनी आले. अकरा महिन्यांचे व्याज वजा केले तरी व्यवहार फायद्याचाच राहिला. बर्फातला माल खारघर आणि उलव्यापर्यंत जाऊ लागला आणि ओल्या मासळीच्या विक्रीतून रोज हातात रोकड येऊ लागली. तिच्यावरच कर्जाचे हप्ते गेले.

यंत्रे बसल्यावर बाजार वाढायला हवा होता, पण पहिल्याच पावसाळ्यात फटका बसला. जुलै २०२४ मध्ये पुण्याच्या एका दुकानाला पाठवलेल्या बोंबलाच्या दीडशे पाकिटांपैकी चाळीसच्या वर परत आली. व्हॅक्यूम केलेली पाकिटे हवा भरून सैल झाली होती आणि आत पांढरी बुरशी धरली होती. संशय आधी ड्रायरवर गेला. थोरलीने एक पाकीट पाण्याच्या बादलीत दाबून धरले. एका कोपऱ्यातून बारीक बुडबुडे निघाले. तिथे बोंबलाचा जबडा होता. सुकल्यावर त्याचे दात सुईसारखे होतात, आणि यंत्राने हवा ओढली की पिशवी त्यांच्यावर ताणली जाऊन टोचली जाते. आम्ही तिघे-चौघे तंत्रज्ञ म्हणवणारे ड्रायरचे तापमान तपासत होतो आणि उत्तर एका बादलीत सापडले. आता डोकी काढून, तुकडे करून, जाड थरांच्या पिशवीत माल भरतात.

त्यानंतर त्या वाशीला, केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेच्या मुंबई संशोधन केंद्रात जाऊन आल्या. कोचीच्या या संस्थेचे केंद्र आपल्या वाशीत आहे, हे नवी मुंबईतल्या कितीतरी मासळी व्यावसायिकांना ठाऊक नसते. तिथल्या बोलण्यातून एक मुद्दा पक्का झाला : हाताला कुरकुरीत लागणे ही सुकल्याची खूण पुरेशी नाही, ओलावा मोजावा लागतो. ओल्या बोंबलात दहातले जवळपास नऊ भाग पाणी असते. दहा किलो बोंबील सुकवून सव्वा किलोच्या आसपास माल उरतो, आणि तो दीड किलो उरला तर आनंद मानायचा नसतो. ते जास्तीचे वजन म्हणजे पाणी आणि पाणी म्हणजे बुरशी. आता प्रत्येक घाण्याचे, म्हणजे एका वेळी सुकवायला घातलेल्या मालाचे, ओले आणि सुके वजन थोरली वहीत लिहिते. शाळा चौथीत सुटलेल्या बाईची ती वही माझ्या पाहण्यातल्या बऱ्याच कारखान्यांच्या नोंदींपेक्षा नीट आहे.

बाजारपेठ त्या वहीने उघडली, असे मी म्हणेन. दुकानांना तपासणीचा अहवाल, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, मांसाहाराची तपकिरी त्रिकोणी खूण आणि अन्नसुरक्षेचा परवाना क्रमांक असलेले लेबल लागते. उलाढाल वर्षाला बारा लाखांच्या पुढे गेल्यावर साध्या नोंदणीऐवजी राज्य परवाना घ्यावा लागला. बंगळुरूहून पहिली मागणी आली, तेव्हा जीएसटी नोंदणीही करावी लागली, कारण राज्याबाहेर माल विकताना चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंतची नोंदणीची सूट लागू होत नाही. कोळंबीच्या लोणच्यावर तेव्हा १२ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झाला, आणि बाटलीचा भाव न वाढवता दोन पैसे सुटू लागले. माझ्या हिशेबाने या उद्योगाला त्या वर्षी सर्वांत मोठा दिलासा या कपातीने दिला, आणि त्यासाठी कोणताही अर्ज करावा लागला नाही.

परदेशाचा मोह आलाच. भारताने २०२३-२४ मध्ये ६०,५२३ कोटी रुपयांची मासळी निर्यात केली, तळोजात निर्यातीचे कारखाने आहेत, न्हावा-शेवा बंदर हाकेच्या अंतरावर आहे, आणि दुबईतल्या एका मराठी दुकानदाराने सोडे मागितले होते. परंतु त्या निर्यातीत सिंहाचा वाटा गोठवलेल्या कोळंबीचा आहे, आणि तो मोठ्या शीतप्रक्रिया कारखान्यांचा व्यवसाय आहे. निर्यातीसाठी सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरणाकडे नोंदणी लागते, आणि युरोपसारख्या बाजारात तर निर्यात तपासणी परिषदेने मान्य केलेल्या कारखान्यातलाच माल जातो. साडेतीनशे चौरस फुटांच्या गाळ्यात कच्च्या आणि तयार मालाचे रस्ते वेगळे ठेवणेसुद्धा कठीण आहे. मी निर्यातीच्या विरोधात सल्ला दिला. धाकटीच्या मुलाला तो पटलेला नाही, आणि पाच वर्षांनी कदाचित त्याचेच खरे ठरेल.

आजची स्थिती अशी आहे. महिन्याची सरासरी विक्री दोन लाखांच्या वर गेली आहे. घरच्या तिघींशिवाय कोळीवाड्यातल्या चार बायकांना रोजचे काम मिळते, आणि हंगामात आठ जणींना. कर्जाचा एकही हप्ता थकलेला नाही. तरीही दर एप्रिल-मे महिन्यात हा उद्योग श्वास रोखून धरतो. पावसाळ्यात विकायचा माल तेव्हाच घ्यावा लागतो, सुमारे सहा लाख रुपये मालात अडकतात, आणि बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा, म्हणजे माल भरण्यासाठी लागेल तसे उचलता येणारे कर्ज, तीन लाखांची आहे. उरलेले तीन लाख नातेवाइकांकडून, सोन्यावर आणि धक्क्यावरच्या उधारीतून येतात. उधारीच्या मालाला किलोमागे भाव जास्त द्यावा लागतो, आणि नफ्याचा चांगला लचका तिथेच तुटतो. दोन्ही योजनांचे पैसे यंत्राला आणि वाहनाला मिळाले. मालात अडकणाऱ्या पैशावर त्यांत अनुदान नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर झालेल्या सहा हजार कोटींच्या मत्स्य किसान समृद्धी सह-योजनेत महिलांच्या सूक्ष्म उद्योगांना एकूण गुंतवणुकीच्या ३५ टक्के किंवा ४५ लाख रुपये, यांपैकी कमी असेल तेवढे कामगिरीवर आधारित अनुदान ठेवले आहे. त्यासाठी राष्ट्रीय मत्स्य डिजिटल मंचावर तिघींची नोंदणी करून ठेवली आहे, अर्ज मात्र अजून केलेला नाही. थोरलीचे म्हणणे असे की नवे काही उभारण्याआधी बँकेची मर्यादा सहा लाखांवर न्यावी. त्यासाठी मी दोन वर्षांच्या वह्यांवरून महिनावार साठ्याचा तक्ता बँकेला दिला आहे, आणि शाखेतून तपासणीसाठी माणूस येईल तेव्हा त्याला एप्रिलमध्येच या असे सांगितले आहे, म्हणजे गाळ्यात छतापर्यंत रचलेला माल त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.